गाडीची बॅटरी आणि सासूबाईंचा पायगुण

सोमवारी सकाळी सहाला दहा मिनिटं कमी असताना सुईताईने किल्ली फिरवली आणि गाडी नुसती 'कट्' म्हणाली. तिने पुन्हा फिरवली. पुन्हा 'कट्'. तिसऱ्यांदा गाडीने तेवढंही म्हणायची तसदी घेतली नाही.

सुईताई हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हतं. एका लॅबसाठी ती रोज सकाळी घरोघरी जाऊन तपासणीसाठी रक्त घेऊन यायची. अकरा वर्षं हेच काम. दंडाला पट्टा आवळून 'मूठ वळा' म्हणायचा अवकाश, की सुई आत जाऊन बाहेरही आलेली असायची. एका आजोबांनी कौतुकाने तिला सुईताई म्हटलं आणि ते नाव असं चिकटलं, की आता तिचा नवराही फोनमध्ये तिचा नंबर त्याच नावाने ठेवायचा. तिच्या यादीतली माणसं आदल्या रात्रीपासून उपाशी असतात. तिला उशीर झाला, की ज्यांना साखरेचा त्रास आहे ती बिचारी गप्प बसून राहतात आणि ज्यांना काडीचाही आजार नाही ती लॅबला फोन करून बोंब ठोकतात.

म्हणून तिने वेळ न घालवता हॉर्न वाजवायचा प्रयत्न केला, तोही वाजला नाही, मग खिडकीतून डोकं बाहेर काढून हाक मारली, "अरे, धक्का!"

मास्तर, म्हणजे तिचा नवरा, शाळेत भूगोल शिकवायचा आणि साडेसहाच्या आत उठणं त्याला निसर्गाच्या विरुद्ध वाटायचं. तो झोपेच्याच कपड्यांत, एका पायात स्वतःची आणि एका पायात बायकोची चप्पल घालून खाली आला. समोरच्या घरातले निवृत्त गृहस्थही आले. ते तर हल्ली सोमवारी आधीच बूट घालून गॅलरीत उभे असायचे. दोघांनी मिळून गाडी उताराला लावली, सुईताईने गिअर टाकला, गाडी दोन आचके देऊन सुरू झाली आणि गल्ली सुटेपर्यंत तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

मागे सासूबाई उभ्या होत्या. नमुन्यांची थंड पेटी त्यांनीच डिकीत ठेवली होती, बर्फाच्या पिशव्या मोजून लावून. गाडी वळेपर्यंत त्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढासा दिवा, तोही सकाळपर्यंत झेपत नाही बिचारीला."

किल्ली फिरवली की गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागतो, त्याबद्दल आई बोलत असेल असं मास्तरला वाटलं. तो 'हो ना' म्हणाला आणि उरलेली झोप पुरी करायला वर गेला.

अडीच महिन्यांत ही नववी वेळ होती. पहिल्या चार वेळांनंतर जुनी बॅटरी काढून नवी कोरी बसवली. ती दहा दिवस नीट वागली आणि मग तिनेही मान टाकली. बहुतेक सोमवारी, कधी मधेच एखाद्या गुरुवारी. तारा बदलल्या. डायनामो तपासून झाला. गल्लीतल्या प्रत्येकाने आपापलं निदान सांगितलं. कुणी म्हणालं थंडी, कुणी म्हणालं गाडीचं तोंड उताराकडे ठेवू नका, आणि समोरचे गृहस्थ म्हणाले की तुमच्या गाडीला रविवारची सुट्टी मानवत नाही. हे शेवटचं निदान खरं तर बरंच बरोबर होतं, पण विनोद समजून सगळ्यांनी सोडून दिलं.

अडीच महिनेच झाले होते सासूबाईंना येऊन. सासरे गेले, मागे मोठं घर आणि एकट्या त्या. वर्षभर त्यांनी हट्टाने एकटीने काढलं आणि मग एक दिवस घर बंद करून, एक बॅग आणि एक पिशवी घेऊन लेकाकडे आल्या. "दोन महिने राहून बघते," म्हणाल्या. "जमलं तर ठीक. नाहीतर लेक बोलावतेच आहे."

सुईताईला आधी धास्तीच वाटली होती. चौदा वर्षांच्या संसारात सासूशी तिची गाठ सुट्टीतच पडायची, आणि सुट्टीत काय, सगळेच गोड असतात. पण आल्यावर तिसऱ्याच दिवशी पहाटे पाचला ती स्वयंपाकघरात आली, तर दिवा लागलेला, चहा गाळून झाकून ठेवलेला आणि सासूबाई फ्रीजमधून बर्फाच्या पिशव्या काढून पेटीत लावत होत्या. "रोज अंधारात एकटी उठतेस," त्या म्हणाल्या, "मला कुणी सांगितलंच नाही." अकरा वर्षांत तिच्यासोबत पाचला कुणी उठलं नव्हतं. चहा पिताना तिचे डोळे भरून आले, आणि ते चहाच्या वाफेवर ढकलणं सोपं होतं.

तेव्हापासून पेटीचं खातं सासूबाईंकडे. संध्याकाळी सुईताई दमून आली की गाडी लावून तडक वर यायची. मग सासूबाई किल्ली घेऊन खाली जायच्या, डिकीतून पेटी काढायच्या, धुऊन पुसून पालथी घालायच्या. पेटी धुणं हे काही थोर काम नाही, पण ते त्या अशा करायच्या की लॅबच्या मुख्य बाईंनी एकदा विचारलं, ही नवी पेटी घेतली का?

डिकीचं झाकण जरा बेइमान होतं. जोरात आपटल्याशिवाय नीट बसायचं नाही. मागे एकदा ते उघडं राहिलं तर एका मांजरीने आत तीन पिल्लं घातली होती आणि सुईताईला दोन आठवडे थंड पेटी पुढच्या सीटवर ठेवून फिरावं लागलं होतं. म्हणून रोज संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारायची, "आई, मागचं लावलं ना?" खालून आवाज यायचा, "लावलं हो!" एक दिवस चुकला नाही.

आता घोटाळा मास्तरने करून ठेवला होता. मास्तरला विनोद केल्याशिवाय घास गिळवत नाही. आई आली आणि आठवड्याच्या आत पहिल्यांदा बॅटरी बसली, तेव्हा जेवताना तो म्हणाला, "आई, तुझा पायगुण जबरदस्त हं! घरात पाऊल टाकलंस आणि गाडीने लोटांगण घातलं." सगळे हसले. सगळ्यांत जास्त सासूबाई हसल्या. दुसऱ्यांदा बॅटरी बसली तेव्हा तो नुसता त्यांच्या पायांकडे बघून हात जोडायला लागला. त्याही वेळी त्या हसल्या. चौथ्यांदा मात्र हसल्या नाहीत, पण मास्तरचं लक्ष ताटात होतं.

त्या सोमवारी संध्याकाळी वाटाणे सोलता सोलता सासूबाईंनी सहज सांगावं तसं सांगितलं, "पुढच्या सोमवारी गाडी सुरू झाली नाही, तर मी लेकीकडे जाते."

"म्हणजे?" सुईताईच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

"म्हणजे काय? मी आले आणि हे सुरू झालं. त्याआधी सहा वर्षांत एकदा तरी बॅटरी बसली होती का? मग? लोकांची पोटं उपाशी, तुझी धावपळ, लॅबवाल्यांची बोलणी. माझ्या पायांत काही असेल तर ते मी दुसरीकडे घेऊन जाते. बघ, आपोआप सुरू होईल गाडी."

"आई, तो याचा चावटपणा होता!"

"त्याचा असेल. पण बॅटरी तर खरोखरच बसते ना?"

सासूबाई बोलल्या शब्दाच्या पक्क्या होत्या. एकदा चहात साखर नको म्हणाल्या, तर पस्तीस वर्षांत चमचाभर घेतली नव्हती. रात्री सुईताईने पाहिलं, माळ्यावरची बॅग खाली आली होती आणि पलंगाखाली सरकवलेली होती.

त्या रात्री मास्तरला जे ऐकावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो खरोखर हिरमुसला. "मी गंमत केली गं," एवढंच दोनदा म्हणाला. सुईताईला त्याची दया आली आणि रागही आला, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे तिला झोप लागली नाही. तिची आई ती लहान असतानाच गेली होती. आपल्याला सासू आवडायला लागली आहे, हे तिने अजून कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची वेळ यायच्या आतच सासू जायला निघाली होती, आणि कशापायी, तर एका बॅटरीपायी.

मंगळवारी तिने गाडी ठिणगीकडे नेऊन सोडली आणि लॅबमधल्या मैत्रिणीची स्कूटर मागून घेतली.

ठिणगी हे त्या मेकॅनिकचं नाव, कारण बॅटरीत जीव आहे की नाही हे तो तारेला तार लावून ठिणगी पाडूनच ठरवायचा. मीटर वगैरे होतं त्याच्याकडे, पण ते नंतर. माणूस साठीचा, सडपातळ, बोलायला कंजूस. गाडीचं ऐकून घ्यायचं असेल तर माणसांनी गप्प बसावं, असं त्याचं मत होतं. त्याने गाडी दोन रात्री ठेवून घेतली. बुधवारी सकाळी किल्ली फिरवली, एका दमात सुरू. गुरुवारी फिरवली, पुन्हा एका दमात.

"ताई, गाडी ठणठणीत आहे," गुरुवारी संध्याकाळी तो म्हणाला. "कुठे गळती नाही. बॅटरी चांगली, डायनामो चांगला. तुमच्याकडून मी काय म्हणून पैसे घेऊ?"

दुसरी एखादी खूश होऊन गाडी घेऊन गेली असती. सुईताई तिथेच, टायरच्या ढिगाजवळ उभी राहिली आणि विचार करायला लागली. रक्त काढणाऱ्या माणसाला एक सवय असते. आकडा चांगला आला म्हणून तो समाधान मानत नाही, नमुना कधी घेतला, कुठे घेतला, आधी काय खाल्लं होतं, ते विचारतो.

"काका," ती म्हणाली, "माझे एक पेशंट आहेत. त्यांचं ब्लड प्रेशर दवाखान्यात गेलं की एकदम छान. घरी आले की चढतं."

"मग?"

"मग डॉक्टरांनी सांगितलं, घरीच जाऊन बघा. तेव्हा कळलं, शेजारी दिवसभर ड्रिल मशीन चालवायचा."

ठिणगीने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. "म्हणजे रोग गाडीत नाही," तो म्हणाला. "तुमच्या घरी आहे."

"घरी म्हणू नका हो," सुईताई पटकन म्हणाली. हे वाक्य सासूबाईंच्या कानावर गेलं असतं तर बॅग शुक्रवारीच भरली असती.

शुक्रवारी संध्याकाळी सातला ठिणगी मीटर, पक्कड आणि एक छोटं स्टूल घेऊन गल्लीत हजर झाला. ठरल्याप्रमाणे सुईताईने रोजच्यासारखं सगळं केलं. सहाला आली, गाडी लावली, वर गेली. सासूबाई खाली जाऊन पेटी घेऊन वर आल्या. अर्ध्या तासाने ती गुपचूप खाली उतरली. मास्तरही आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण अपराधी माणूस घरात बसू शकत नाही.

ठिणगीने बोनेट उघडलं, बॅटरीची एक तार सोडवली आणि मधे मीटर जोडलं. गाडी बंद, किल्ली सुईताईच्या हातात. काटा शून्यावर असायला हवा होता. तो शून्यावर नव्हता.

"हं," ठिणगी म्हणाला. एवढ्या वर्षांत सुईताईने त्याच्या तोंडून ऐकलेला हा सगळ्यांत आनंदाचा शब्द होता.

"काय झालं?"

"रक्त वाहतंय, ताई. तुमच्या भाषेत सांगायचं तर. थोडं थोडं, पण रात्रभर. चार-पाच रात्रींत बॅटरी रिकामी. तुमचं काम असं, पाच मिनिटं गाडी चालली की बंद, पुन्हा चालू, पुन्हा बंद. जेवढं जातं तेवढं दिवसा भरून येत नाही. त्यात रविवारी गाडी जाग्यावर."

मग त्याने एक एक फ्यूज उपटायला सुरुवात केली. हॉर्नचा काढला, काटा हलला नाही. वायपरचा काढला, नाही. रेडिओचा काढला, तरी नाही. मास्तर प्रत्येक फ्यूजला 'आता बघा' म्हणायचा. सातवा फ्यूज काढला आणि काटा मुकाट्याने शून्यावर जाऊन बसला.

"हा आतल्या दिव्यांचा," ठिणगी म्हणाला. त्याने फ्यूज परत बसवला, पुढचे दिवे पाहिले, विझलेले होते. मागे गेला, डिकी उघडली. डिकीवर सामान झाकायची पाटी असते, ती उचलली. तिच्या खाली, कोपऱ्यात, बोटभर लांबीचा दिवा शांतपणे जळत होता. पाटी वर असल्यामुळे बाहेरून त्याचा मागमूसही लागत नव्हता.

"डिकी उघडली म्हणून लागला असेल," मास्तर म्हणाला.

"नाही. याचं बटण वेगळं आहे. हे बघा, इकडे ढकललं की लागतो, तिकडे ढकललं की विझतो. हे कुणीतरी मुद्दाम लावलंय." ठिणगीने सुईताईकडे पाहिलं. "माझ्याकडे गाडी आली तेव्हा हे बंद होतं, ताई. शपथेवर सांगतो."

सुईताई त्या दिव्याकडे बघत राहिली. या दिव्याला बटण आहे हेच तिला सहा वर्षांत ठाऊक नव्हतं. आणि तेवढ्यात वर स्वयंपाकघराची खिडकी उघडली. सासूबाईंना तिघं गाडीशी उभी दिसली, आणि त्यांना वाटलं सून काळजीने बघायला खाली गेली आहे.

"अगं, आज विचारलं नाहीस, पण मागचं लावलंय हं मी!" त्यांनी वरून सांगितलं. "रोजच्यासारखं!"

आणि सुईताईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लावलं! दार लावायचं म्हणजे बंद करायचं आणि दिवा लावायचा म्हणजे चालू करायचा. अडीच महिने ती रोज संध्याकाळी डिकीच्या दाराबद्दल विचारत होती आणि सासूबाई रोज संध्याकाळी दिव्याबद्दल सांगत होत्या. दोघीही खरं बोलत होत्या. आणि सकाळी पेटी ठेवायला आल्या की त्याच हाताने दिवा विझवत होत्या, म्हणून दिवसा तो कुणाला कधी सापडला नाही.

मास्तरच्या हे लक्षात यायला अर्धं मिनिट जास्त लागलं. मग तो हसायला लागला, आणि हसता हसता एकदम थांबला. त्याचा चेहरा पडला. "म्हणजे आईच्याच हातून..." तो म्हणाला. "अगं, हे तिला कळलं तर ती सोमवारचीही वाट बघणार नाही."

हे सुईताईलाही कळलं होतं. सासूबाई म्हणत होत्या, मी आल्यापासून गाडी बिघडली. सगळे म्हणत होते, छे, काहीतरीच काय. आणि आता पाहिलं तर खरोखरच त्या आल्यापासून, त्यांच्यामुळे, गाडी बिघडत होती. आता कोणत्या तोंडाने सांगायचं?

"उंदीर," ठिणगी म्हणाला.

"काय?"

"उंदराने वायर कुरतडली होती म्हणा. माझ्या धंद्यात निम्म्या वेळा उंदीरच असतो. त्याला वाईट वाटत नाही." एवढं बोलून त्याने दिव्याचा बल्ब फिरवून काढला आणि सुईताईच्या हातावर ठेवला. "आता आजींना हवं तेवढं लावू दे."

सुईताईला हे पटलं नव्हतं, पण त्या क्षणी दुसरं काही सुचतही नव्हतं. रात्री जेवताना मास्तरने उंदराची गोष्ट सांगितली, आणि तो कमी बोलेल तर मास्तर कसला! उंदराचा रंग, शेपटीची लांबी, वायरवरचे दातांचे ठसे, सगळं सांगितलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकलं. "मग बरं झालं," म्हणाल्या. त्या रात्री त्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला. बॅग मात्र पलंगाखालीच राहिली. सोमवार अजून यायचा होता.

शनिवारी संध्याकाळी त्या नेहमीप्रमाणे किल्ली घेऊन खाली गेल्या. सुईताईने मुद्दाम खिडकीतून काही विचारलं नाही. त्यांना यायला रोजच्यापेक्षा उशीर लागला. आल्या त्या पेटी न धुता तशीच ओट्यावर ठेवून खुर्चीत बसल्या.

"काय झालं, आई?"

"मागचा दिवा लागत नाही."

सुईताईने गॅस बंद केला.

"वायर जोडली म्हणालात. उंदीर गेला म्हणालात. काल लागत होता. आज मी बटण दाबलं, नाही. दहा वेळा दाबलं." त्यांनी आपला उजवा हात उलटा-सुलटा करून पाहिला. "आता पायांचं राहिलं बाजूला. माझा हात लागला तरी विझायला लागलं."

त्या उठल्या आणि आपल्या खोलीत गेल्या. पलंगाखालून बॅग ओढल्याचा आवाज आला. मास्तर वह्या तपासत होता, तो धावत आला आणि बायकोला खुणा करायला लागला. बल्ब उडाला म्हण, कंपनीचा माल खराब म्हण, काहीही म्हण!

सुईताईने अकरा वर्षांत कुणालाही आकडा गोड करून सांगितला नव्हता. पेशंटच्या घरची माणसं जिन्यात गाठून म्हणायची, जरा कमी करून सांगा हो, त्यांना झेपणार नाही. ती कधी कबूल व्हायची नाही. माणसाला झेपत नाही ते आकड्यामुळे नव्हे, तर मागे चाललेल्या कुजबुजीमुळे, हे तिने किती घरांत पाहिलं होतं! आणि आपल्या घरात मात्र एक शेपटीवाला उंदीर आणून बसवला होता. तिला स्वतःची लाज वाटली.

ती खोलीत गेली. सासूबाई साड्यांच्या घड्या बॅगेत ठेवत होत्या, अगदी पेटीत बर्फ लावावा तशा नीटनेटक्या.

"आई, उंदीर नव्हता," ती म्हणाली. "आम्ही खोटं बोललो. बॅटरी तुमच्यामुळेच उतरत होती."

दारात उभ्या मास्तरने डोळे मिटून घेतले.

सासूबाईंचा हात थांबला. सुईताई पलंगावर त्यांच्याशेजारी बसली आणि तिने सगळं सांगितलं. डिकीचं झाकण, मांजरीची पिल्लं, मीटर, सातवा फ्यूज, कोपऱ्यातला दिवा. मी 'मागचं लावलं ना' विचारायचे ते दाराचं हो, दार आपटून बंद केलं ना, म्हणून. तुम्हाला वाटलं दिवा. काल आम्हीच बल्ब काढून ठेवला, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. तिने खणातून बल्ब काढून त्यांच्या हातात दिला.

सासूबाईंनी तो एवढासा बल्ब उजेडाकडे धरून पाहिला.

"दार?" त्या म्हणाल्या.

"दार."

"मला वाटलं, गाडी रस्त्यावर असते, अंधारात कुणी येऊन धडकायला नको, म्हणून मागे दिवा ठेवत असाल." त्यांनी साडीची घडी मांडीवर घेतली. "आमच्याकडे हे दुसऱ्या पाळीला असायचे. मागच्या दाराने यायचे, आणि मागच्या पायऱ्या मोडक्या. घरातून निघताना रोज विचारायचे, मागचं लावशील ना? दिवा हा शब्दच कधी म्हटला नाही त्यांनी. रिटायर झाले तरी संध्याकाळ झाली की विचारायचे, मागचं लावलंस का? सवय. ते गेल्यावर वर्षभर मी लावत होते, पण विचारणारं कुणी नव्हतं. इथे आले आणि पहिल्याच आठवड्यात तू खिडकीतून विचारलंस." त्यांनी बल्ब पदराने पुसला. "मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, चला, इथेही आपल्यावर काहीतरी सोपवलंय."

सुईताईने त्यांचा हात धरला. मास्तर दारातून आत येऊन जमिनीवरच बसला आणि त्याने आईच्या पावलांवर हात ठेवला, या वेळी विनोद म्हणून नाही. "चुकलो, आई," तो म्हणाला.

"तू थांब रे," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या डोक्यात काहीतरी चाललं होतं. त्यांनी सुनेकडे निरखून पाहिलं. "म्हणजे हे पायांचं काही नाही?"

"नाही हो, आई."

"नक्की? मला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीस ना?"

"बरं वाटावं म्हणून उंदीर सांगितला होता."

यावर सासूबाईंना हसू फुटलं. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतून पाणी. "अगं बाई! म्हणजे मी रोज इमानेइतबारे बॅटरी जाळत होते!"

"आणि सकाळी विझवत होतात."

"मग दिवसाढवळ्या कशाला जाळायचा?" त्या एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, आणि तिघंही पुन्हा हसायला लागली.

हसू ओसरल्यावर सुईताईचं लक्ष बॅगेकडे गेलं. सगळं खरं सांगून झालं होतं, पण बॅग अजून उघडीच होती, आणि आत चार साड्या.

"आई, मग तुम्ही..."

"मी काय?" सासूबाईंनी वरची साडी उचलून कपाटात ठेवली. "अगं, पायगुण असता तर मी काय पाय काढून ठेवणार होते? त्याला काही करता येत नाही, म्हणून तर चालले होते. ही नुसती चूक आहे. चूक काय, उद्यापासून करायची नाही, झालं!" दुसरी साडी कपाटात गेली. "तुम्ही कालच सांगितलं असतंत तर माझी एक रात्र तरी शांत झोपेत गेली असती. माणसाला त्याची चूक सांगावी रे. तेवढा तरी मान द्यावा."

मास्तरने मान खाली घातली. सुईताईने उरलेल्या दोन साड्या उचलल्या आणि स्वतःच्या हाताने कपाटात ठेवल्या. मग रिकामी बॅग बंद करून ती मास्तरच्या हातात दिली, आणि काही न सांगता तो स्टूल घेऊन माळ्याकडे गेला.

सासूबाईंनी तोवर लेकीला फोन लावला होता. त्यांना फोनवर हळू बोलता येत नाही, त्यामुळे गल्लीला ऐकू जात होतं. "हॅलो, अगं, मी नाही येत हं! नाही, नाही, भांडण कसलं? गाडीचं कारण सापडलं. उंदीरबिंदीर काही नाही. मीच! हो गं, मीच बिघडवत होते, रोज संध्याकाळी, माझ्या या हातांनी!"

सुईताई दाराला टेकून बघत होती. 'सगळं नॉर्मल आहे' म्हणून ती आजवर कितीतरी लोकांना सांगून आली होती. पण त्यांतल्या एकाचाही चेहरा असा फुललेला तिने पाहिला नव्हता, जसा स्वतःची चूक सांगताना आत्ता सासूबाईंचा फुलला होता.